खाट नंबर आठवरून दिलेली परीक्षा

चांगुणा सिस्टरला वॉर्डातले डॉक्टर घाबरत आणि डॉक्टरांना पेशंट घाबरत. पेशंटचे नातेवाईक कुणालाच घाबरत नसत, म्हणून त्यांना घाबरवायचं काम पुन्हा चांगुणा सिस्टरकडेच येई. नाशिकमधल्या एका दोनशे खाटांच्या खाजगी इस्पितळात बायकांच्या मेडिकल वॉर्डावर ती सोळा वर्षं होती. भेटीची वेळ संपली की ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राही. बोलत काही नसे. डबे, पिशव्या, थर्मास, दोन लेकी आणि एक मामा असा सगळा लवाजमा आपोआप जिन्याकडे सरके. पहाटे एखादी पेशंट दगावली, तर तिचं सगळं नीट आवरून, घरच्यांची रडारड निस्तरून, घरी जाताना ती मिसळ खाई आणि वर तर्री मागून घेई.

अशी ही बाई एका परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा भीतीने. मार्चमध्ये पहिलाच प्रश्न तिने सात वेळा वाचला आणि सातही वेळा तिला फक्त प्रश्नचिन्ह समजलं. जूनमध्ये ती तीनदा लघवीला जाऊन आली. संगणकाचं घड्याळ तिच्यासाठी थांबलं नाही, त्यामुळे शेवटच्या बावीस प्रश्नांना तिने डोळे मिटून तिसरा पर्याय ठोकला.

परीक्षा होती मस्कतकडच्या नर्सिंगच्या परवान्याची. तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते सायलीमुळे. सायली कॉलेजातून नवी आली तेव्हा तिला शीर सापडत नसे. चांगुणाने स्वतःचा हात पुढे करून तिला शीर शोधायला शिकवलं. चांगुणाचा हात आठवडाभर काळानिळा होता, तिच्या सासूला वाटलं आपल्या पोरानेच मारलं. तीन वर्षांत तीच सायली परीक्षा पास होऊन मस्कतला गेली आणि तिथून फोटो पाठवू लागली. फोटोत समुद्र असे, खजूर असे, ते चांगुणाने सहन केलं. मग एक दिवस सायलीने लिहिलं की इथे एका नर्सकडे पाचच पेशंट असतात. चांगुणाकडे त्या दिवशी एकतीस होत्या, त्यातल्या दोघी एकाच वेळी ओकत होत्या. समुद्राचं ठीक आहे, पण पाच पेशंट हे तिला सहन झालं नाही.

सायलीने आपल्या इस्पितळात तिच्यासाठी शब्द टाकला. मोबाईलवर मुलाखत झाली, निवड झाली. अट एकच, परवाना आणा. जागा ते दिवाळीपर्यंत धरून ठेवणार होते. दोनदा नापास झाल्यावर दिवाळीआधी परीक्षेची एकच तारीख उरली, दसऱ्यानंतरची. या वेळी पास झाली तर मस्कत, नाही तर रांगेतली पुढची बाई जाणार आणि चांगुणा एकतीस पेशंटसकट जिथल्या तिथे राहणार.

तिने कॉलेज रोडला केकच्या दुकानाच्या वर चालणारा क्लास लावला. तिथे शिकवणारा रविराज सत्तावीस वर्षांचा होता. वॉर्डात त्याने सहा महिने काढले होते, पण चारपैकी बरोबर पर्याय कोणता हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. पहिल्याच आठवड्यात त्याने फळ्यावर प्रश्न लिहिला. ऐंशी वर्षांच्या बाईला एकदम धाप लागली आहे, नर्स सर्वांत आधी काय करेल? खाटेची उशाकडची बाजू उचलेल, ऑक्सिजन लावेल, डॉक्टरांना कळवेल की नोंद करेल? चांगुणाने सांगितलं की यातलं काहीच नाही. आधी खाटेभोवतीचे सात नातेवाईक बाहेर काढावे लागतात, कारण त्यातला एक जण तिला पाणी पाजत असतो.

"मॅडम, परीक्षेतल्या पेशंटला नातेवाईक नसतात," रविराज म्हणाला.

"मग असं सांगा ना, अनाथाश्रमाची परीक्षा आहे म्हणून."

क्लास हसला. पण घरी जाताना बसमध्ये चांगुणाला ते वाक्य टोचत राहिलं. नातेवाईक वजा केले तर तिच्या वॉर्डातलं निम्मं ज्ञान वजा होत होतं.

दुसरं भांडण ओळख पटवण्यावरून झालं. औषध देण्याआधी पेशंटचं नाव आणि जन्मतारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यायची, मग मनगटावरची पट्टी बघायची, असं पुस्तक सांगत होतं. चांगुणाने हात वर केला. जन्मतारीख विचारली तर निम्म्या बायका एक जून सांगतात, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांची तीच घातली. उरलेल्या निम्म्या शाळेतच गेलेल्या नसतात. मनगटावरची पट्टी भाकरी थापायची सवय असलेल्या बाया पहिल्याच दिवशी काढून उशीखाली ठेवतात. आणि आठ दिवस जिचं पाणी-लघवी मोजतोय तिला तुझं नाव काय म्हणून विचारायचं, म्हणजे ती म्हणणार, सिस्टरलाच भ्रम झाला. तिच्या वॉर्डात खाटेचा नंबर चाले. आठ नंबरला इन्सुलिन, बारा नंबरला सलाईन, सोळा नंबरला दटावणी. नव्या येणाऱ्या प्रत्येक पोरीला तिने हेच शिकवलं होतं, की नावं विचारत बसलीस तर दहाची औषधं चारला होतील.

रविराजने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं उत्तर वॉर्डात बरोबर आहे," तो म्हणाला, "पेपरात चूक आहे."

तिच्या भीतीचं मूळ तिथेच होतं. कालच्या पोरींना एकच उत्तर माहीत असायचं, त्या ते टिचकीसरशी ठोकून मोकळ्या व्हायच्या. चांगुणाला प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं सुचत, एक वॉर्डातलं आणि एक पुस्तकातलं. दोन्हींच्या मधोमध ती उभी राही आणि तेवढ्यात हात गार पडत. शिवाय प्रश्न इंग्रजीत. एकदा वाचायचा, मनात मराठी करायचा, मग पुन्हा इंग्रजीत न्यायचा, या ये-जा करण्यात प्रश्नाचा दम निघून जाई.

क्लासने परीक्षेच्या भीतीवर एक व्याख्यानही ठेवलं. एका बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि शांत, संथ कोसळणारा धबधबा डोळ्यांपुढे आणायला सांगितला. चांगुणाने तो आणला आणि दोन मिनिटांत तिला उठून बाहेर जावं लागलं.

घरी वेगळाच कारभार. तिचा नवरा गोरक्ष सहाणे एसटीत वाहतूक नियंत्रक होता. म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून गाड्यांची नोंद करणं आणि माईकवरून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगणं. वीस वर्षं हे काम करून त्याचा घरातला आवाजही फलाटावरचा झाला होता. बायकोच्या सराव परीक्षेचं घड्याळ त्याने आपणहून अंगावर घेतलं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात ती भिंतीकडे तोंड करून बसे आणि मागून आवाज येई, शेवटची पंधरा मिनिटं, उमेदवारांनी कृपया नोंद घ्यावी. तिने बोटाला पल्स मोजायचं यंत्र लावून बघितलं. प्रश्न वाचताना ठोके एकशे चार पडत, गोरक्षने घोषणा केली की एकशे अठ्ठावीस. तिने त्याला गप्प बसायला सांगितलं, तर तो म्हणाला की खऱ्या परीक्षेतही दडपण असतंच, सवय झालेली बरी. निकालाबद्दल मात्र तो अगदी निर्धास्त होता. नाही झालीस तरी आपलं काही अडत नाही, असं तो इतक्या मोकळ्या मनाने सांगे की शेजारच्या बायका म्हणत, नवरा असावा तर असा.

सासूबाई लंकाबाई घोटीहून आल्या त्या मीठ-मोहऱ्या घेऊनच. त्यांचं निदान तयार होतं. सून हुशार हाय, पण दवाखान्यात रोज शंभर माणसं बघतात तिला, नजर लागणार नाय तर काय व्हईल? त्यांनी दोन वेळा दृष्ट काढली. मग नवस बोलल्या, नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास, नुसत्या चहापाण्यावर. नवस त्या बोलल्या होत्या, उपास मात्र सुनेने करायचा होता. परीक्षा तिची ना, मग पोट माझं का मारू, असा लंकाबाईंचा बिनतोड सवाल होता. चांगुणाचा नवसावर काडीचा विश्वास नव्हता, पण दोनदा नापास झालेल्या माणसाची कशालाच नाही म्हणायची पत राहत नाही. तिने उपास धरला.

खरी अडचण तिला एकटीलाच ठाऊक होती. वॉर्डात तिला भीती वाटतच नसे असं नव्हतं. एखादीचं बीपी धाडकन उतरलं की तिच्याही छातीत धडधडे. पण तेव्हा कुणावर तरी ओरडता येई. मावशीवर, पोरींवर, अगदीच कुणी नसलं तर त्या पेशंटवरच, आणि ओरडलं की हात सुरळीत चालू लागत. परीक्षेच्या खोलीत ओरडायला कुणी नव्हतं. संगणकावर ओरडून उपयोग नाही, आणि स्वतःवर ओरडायची तिला सवय नव्हती.

पाचव्या माळेला ती सकाळच्या ड्युटीवर होती. नाश्ता नाही, झोप नाही, मनात किडनीचे प्रश्न. अकराच्या सुमाराला औषधाच्या ट्रॉलीजवळ तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती मटकन खाली बसली. तिच्या हाताखालची निकिता धावली. दोन वर्षांची नोकरी झालेली, चटपटीत पोरगी. डॉक्टरांनी ईसीजी काढला, साखर बघितली, सगळं ठीक निघालं. नुसता उपास आणि धास्ती आहे, दोन तास पडून राहा, असं सांगून त्यांनी तिला तिच्याच वॉर्डात नऊ नंबरच्या रिकाम्या खाटेवर टाकलं. सोळा वर्षांत ती त्या खाटांच्या उंचीवरून वॉर्डाकडे पहिल्यांदाच बघत होती. छत फार घाण होतं.

शेजारी आठ नंबरला चांदवडकडच्या झुंबरबाई होत्या. साखरेच्या जुन्या दुखणेकरी, वजनाला एखाद्या कांद्याच्या गोणीएवढ्या आणि बोलायला तेवढ्याच तिखट. त्यांची खाट पंख्याखाली होती आणि चांगुणाला तर घामाच्या धारा लागल्या होत्या.

"अगं शिस्टर, तू ये इकडं. मला ह्ये वारं सोसत नाय, अन् तू तिकडं उकडून मरती."

खाटांची अदलाबदल ही चांगुणाच्या राज्यात सर्वांत मोठा गुन्हा होता. पंख्यासाठी, खिडकीसाठी, संडास जवळ पडावा म्हणून बायका गुपचूप खाटा बदलत आणि पकडल्या गेल्या की चांगुणा त्यांची अख्ख्या वॉर्डापुढे पूजा बांधी. त्या दिवशी ती मुकाट उठली, आठ नंबरवर जाऊन पडली, ट्यूबलाईट डोळ्यांवर येत होती म्हणून चादर तोंडावरून घेतली, आणि तिला गुंगी आली.

साडेबाराला कुणीतरी म्हणालं, हात काढा बाहेर. तिने काढला. अर्धवट झोपेत तिला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं असेल. दंडाला गार बोळा लागला, चिमटीत कातडी धरली गेली, टोचलेलं जवळजवळ कळलंही नाही. पोरीचा हात हलका होता, चांगुणानेच घडवलेला.

"आता अर्ध्या तासात जेवून घ्या हं आजी," निकिता म्हणाली, "नाही तर साखर उतरेल."

चांगुणाने चादर भिरकावली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पलीकडे नऊ नंबरवर झुंबरबाई आपला दंड उघडा करून आपल्या इन्सुलिनची वाट बघत बसल्या होत्या.

"किती दिलंस?"

"दहा युनिट," निकिता म्हणाली, आणि ट्रे हातात धरूनच रडायला लागली.

दहा युनिट इन्सुलिन, साखरेचं दुखणं नसलेल्या बाईला, आणि तेही चार दिवसांच्या उपाशी पोटी. पुढचा तासभर चांगुणाने आपल्यावरचे उपचार स्वतःच चालवले. डॉक्टरांना बोलाव, ग्लुकोजची पावडर आण, सलाईन तयार ठेव, दर पंधरा मिनिटांनी बोटातलं रक्त बघ. ग्लुकोज येईपर्यंत झुंबरबाईंनी आपला डबा उघडून पुढे केला. बाजरीची भाकरी, पिठलं आणि हाताने फोडलेला कांदा. नवरात्राचा कडक उपास पाचव्या माळेला बाजरी, बेसन आणि कांद्याने असा सर्वांगाने मोडला. चांगुणाने बोटं चाटली.

तरी दीडच्या सुमाराला साखर उतरलीच. हात थरथरू लागले, घाम फुटला, छातीत ढोल वाजायला लागला, तोंड कोरडं पडलं, आणि आता काहीतरी भयंकर होणार असं वाटायला लागलं. चांगुणा छताकडे बघत पडली होती. ही सगळी मंडळी तिच्या ओळखीची होती. मार्चमध्ये आली होती, जूनमध्ये आली होती, गोरक्षच्या घोषणेला आली होती. थरथर तीच, घाम तोच, धडधड तीच. आज समोर प्रश्नपत्रिका नव्हती, तरी ही भीतीबाई हजर. म्हणजे हिचा परीक्षेशी काही संबंधच नव्हता. ही दहा युनिट इन्सुलिननेही येते, आणि ग्लुकोजची बाटली लावली की वीस मिनिटांत चालती होते. इतके महिने ती हिला नशीब, नजर आणि नालायकी समजून बसली होती.

साखर वर आली, डॉक्टर गेले. मग चांगुणाने निकिताला बोलावलं. अख्खा वॉर्ड कान टवकारून बसला. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत निकिताच बोलली.

"तुम्हीच सांगितलं होतं मॅडम, नाव विचारू नको, खाट बघ." ती डोळे पुसत होती, पण आता तिला रागही आला होता. "आणि तुम्ही तर जाग्या होत्या. तुम्ही का हात दिलात? तुम्ही तरी विचारायचं होतं, कशाचं आहे म्हणून."

चांगुणाने दंडावरचा टोचल्याचा ठिपका अंगठ्याने चोळला.

"खाटेवर पडलं की माणूस हात देतो गं," ती म्हणाली.

वॉर्डाचा रिवाज असा होता, की ज्या चुकीने कुणी दगावलं नाही ती चूक झालीच नाही. अशा चुका लिहायचा एक छापील फॉर्म होता, पण तो कुणी बघितलेला नव्हता. चांगुणाने घरी जायच्या आधी तो मागितला. कपाटात, फाटक्या चादरींच्या यादीखाली तो सापडला. तिने सगळं खरं लिहिलं, खाट बदलल्याचंसुद्धा. चूक कोणाची या रकान्यात तिने लिहिलं, पद्धत माझी, हात निकिताचा. मेट्रनबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून तासभर फैलावर घेतलं. ही घाण कशाला करून ठेवतेस, असा त्यांचा मुद्दा होता. पण कागद लिहिला गेला होता, तो गिळता येईना. वॉर्डात नाव आणि गाव विचारायचा हुकूम निघाला. आठवडाभर बायकांची चांगलीच करमणूक झाली. झुंबरबाई तर दर वेळी वेगळं नाव सांगून पोरींची परीक्षा घेत.

घरी लंकाबाईंना उपास मोडल्याचं कळलं, कांद्यासकट. त्या रात्रभर देवीची समजूत घालत बसल्या असाव्यात, कारण सकाळी त्यांनी जाहीर केलं की दवाखान्यातलं अन्न औषधात धरतात, नवस चालू हाय.

परीक्षेचं केंद्र पुण्याला होतं. गोरक्षने रजा टाकली आणि दोघं आदल्या दिवशी एसटीने निघाली. नाही झालं तरी काही बिघडत नाही, असं तो संगमनेरपर्यंत चार वेळा म्हणाला आणि चहाला उतरल्यावर पाचव्यांदा. चांगुणा खिडकीबाहेर बघत होती. पुस्तक तिने घरीच ठेवलं होतं.

केंद्रावर दारातल्या माणसाने तिचा पासपोर्ट हातात धरून तिला तिचं नाव विचारलं, मग जन्मतारीख विचारली. पासपोर्टवर दोन्ही गोष्टी ठळक छापलेल्या होत्या. मार्चमध्ये ती अशाच एका माणसावर खेकसली होती, वाचता येत नाही का म्हणून. या वेळी तिने मान हलवून त्याला मनातल्या मनात पास केलं.

पहिला प्रश्न आला आणि त्याच्या पाठोपाठ ती बाईही आली. हात गार, छातीत ढोल. चांगुणाने तिला ओळखलं. बस बाजूला, तुझी वेळ वीस मिनिटं, असं मनात म्हणून ती प्रश्नाकडे वळली. ती बाई काही लगेच गेली नाही. वीसऐवजी चांगली चाळीस मिनिटं शेजारी बसून होती, मधे एकदा तिने लघवीचीही आठवण करून दिली. पण तिच्या शेजारी बसूनही वाचता येतं, हे चांगुणाला त्या दिवशी कळलं.

प्रश्नांचं तिने एक नवीनच तंत्र बसवलं. आधी ती प्रश्नातल्या नर्सच्या जागी उभी राहायची आणि दोन उत्तरांमध्ये अडकायची. आता ती सरळ प्रश्नातल्या खाटेवर जाऊन पडली. धाप लागलीय मला, समोर ही नर्स आलीय, हिने आधी काय केलं तर बरं वाटेल? उशाकडची बाजू उचल बाई, बाकीचं मग बघू. ऑपरेशनहून आलेय, पोटात कळ येतेय, ही बाई गोळी घेऊन आलीय. गोळी मग दे, आधी पोटाला हात लावून बघ. खाटेवरून बघितलं की वॉर्ड आणि पुस्तक यांचं भांडण बऱ्याचदा मिटायचं. नेहमी नाही. किडनीचे काही प्रश्न खाटेवरूनही कळले नाहीत, तिथे तिने जुनं तंत्र वापरलं, तिसरा पर्याय. इन्सुलिनवर मात्र पूर्ण पेपरात एकही प्रश्न नव्हता. दहा युनिट फुकट गेली. वेळ संपायला सहा मिनिटं असताना ती शेवटच्या प्रश्नावर पोचली. खोलीत कुणीही घोषणा केली नाही.

निकाल चौथ्या दिवशी दुपारी ईमेलवर आला. गोरक्षची साप्ताहिक सुट्टी होती, तो पलंगावर पेपर वाचत पडला होता. चांगुणाने मोबाईल दोन वेळा डोळ्यांजवळ नेला, एकदा लांब धरला, आणि सांगितलं की पास झाले.

आतून लंकाबाईंचा आवाज आला, मी म्हणलं नव्हतं का? त्यांनी ताबडतोब सगळं श्रेय ताब्यात घेऊन घोटीला फोन लावायला घेतला. चांगुणाने ते घेऊ दिलं. श्रेय घेणारी सासू दोन वर्षं घर धरून बसते, एवढा हिशोब तिला येत होता.

गोरक्ष वा म्हणाला. मग पेपरची घडी केली. ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा केली. मग विचारलं, जावं कधी लागेल? दिवाळीनंतर लगेच, तिने सांगितलं, दोन वर्षांचा करार. तो मान डोलवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो निर्धास्तपणा, ज्याची शेजारपाजारी ख्याती होती, तो कुठेच दिसेना. कपाळावर घाम आला होता आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही." थोड्या वेळाने त्याने खरं सांगितलं, माईकवरचा आवाज अगदी घरगुती करून. "मी धरूनच चाललो होतो की तू नापास होणार. त्यामुळे बाकीचा काही विचारच केला नव्हता."

चांगुणाला राग यायला हवा होता. वर्षभराचा त्याचा मोठेपणा एका वाक्यात उघडा पडला होता. पण समोर थरथरणारा माणूस बघितला की तिचं डोकं आपोआप कामाला लागत असे. भीती खरी होती, पेशंट शुद्धीवर होता, श्वास चालू होता. तिने त्याला नुसतं बसून न राहता उठून काहीतरी करायला सांगितलं.

"चहा टाकतो," तो म्हणाला.

तो ओट्याजवळ गेला. अठरा वर्षांच्या संसारात त्याने गॅस पेटवलेला तिला आठवत नव्हता. तो त्याने तिसऱ्या काडीला पेटवला. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, आणि मग फळीवर ओळीने लावलेल्या डब्यांपुढे उभा राहिला. पहिल्या डब्यात रवा निघाला. दुसऱ्यात पोहे. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

साखर कुठे आहे हे चांगुणाला अर्थातच ठाऊक होतं. ती पलंगावर पाय पसरून बसली, उशी पाठीशी घेतली, आणि काही बोलली नाही. त्याने तिसरा डबा उघडला.